रूळ, रस्ता आणि पायी चालणारा सोलापूर

1860 साली सोलापूरच्या वाट्याला दोन गोष्टी आल्या. एक सगळ्यांना दिसली. ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीचे रूळ पुण्याकडून सरकत सरकत याच वर्षी सोलापुरात पोहोचले आणि व्यापारी पेठेचे रूप पालटू लागले. दुसरी गोष्ट कागदावरची होती, आणि ती सोलापूरच काय, सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानला लागू होणार होती. त्याच वर्षी भारतीय दंड संहिता मंजूर झाली. सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे किंवा निष्काळजीपणे वाहन हाकणे हा तिच्या 279व्या कलमाने गुन्हा ठरला. तेव्हा वाहन म्हणजे बैलगाडी, टांगा, फार तर साहेबाची बग्गी. मोटार यायला अजून बराच अवकाश होता. पुढची दीडशे वर्षे सोलापूर जिल्ह्यात रूळ आणि रस्ता जवळजवळ बरोबरीने धावत राहिले, पण सुरक्षिततेचा विचार दोघांनी वेगवेगळ्या दिशांनी केला. रुळावर अपघात झाला की हे का घडले याचा शोध सुरू होई. रस्त्यावर झाला की शोध सुरू होई तो गुन्हेगाराचा. रस्त्यांवर आजही जी माणसे मरतात, त्यांच्या मरणात या जुन्या फरकाचा वाटा मोठा आहे, असे माझे मत आहे.

रेल्वेला हे शहाणपण परोपकारातून सुचले नव्हते. गाडी घसरली तर कंपनीचे डबे, इंजिन, माल आणि अब्रू असे सगळेच जाई, म्हणून सरकारला त्यात लक्ष घालावे लागले. 1890च्या रेल्वे कायद्याने गंभीर अपघाताची खबर सरकारला आणि निरीक्षकाला देणे बंधनकारक केले आणि चौकशीची रीत घालून दिली. 1941 साली हे निरीक्षक रेल्वे बोर्डाच्या हाताखालून काढून वेगळ्या खात्याकडे दिले गेले. आजही रेल्वे सुरक्षा आयुक्त रेल्वे मंत्रालयाला नव्हे, तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाला जोडलेले आहेत. गाडी चालवणाऱ्यानेच स्वतःच्या अपघाताचा न्यायाधीश होऊ नये, हे त्यामागचे साधे तत्त्व. चौकशीत चालकाची चूक निघाली तरी प्रश्न तिथे थांबत नाही. सिग्नल कुठे होता, तो दिसत होता का, चालक किती तास ड्यूटीवर होता, काटे कोणी आणि कसे बदलले, हे सगळे विचारले जाते. अर्थात रेल्वेचे गुणगान करताना एक विसरू नये. रूळ ओलांडताना जे मरतात त्यांना ‘अनधिकृत प्रवेश’ या सदरात टाकून रेल्वेही मोकळी होते. तिची चौकसबुद्धी तिकीट काढलेल्यांपुरती आहे. पायी चालणाऱ्याला तिथेही कोणी वाली नाही.

रस्त्याच्या कायद्याचा प्रवास वेगळ्या क्रमाने झाला. 1870 साली निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याचे 304-अ हे कलम दंड संहितेत घातले गेले आणि जास्तीत जास्त दोन वर्षांची कैद ठरली. 1914 साली देशभरासाठी पहिला मोटार वाहन कायदा आला. त्यातून नोंदणी, परवाना आणि अठरा वर्षांची अट आली. 1939च्या कायद्याने तिऱ्हाइतासाठी विमा आणला, त्याचा अंमल 1946 पासून सुरू झाला आणि 1956च्या दुरुस्तीने भरपाईसाठी न्यायाधिकरणे आली. म्हणजे आधी विचारले गेले, चूक कोणाची. मग विचारले गेले, पैसे कोण देणार. दोन्ही प्रश्न महत्त्वाचेच आहेत. ज्या घरातला कर्ता गेला त्या घराला दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर जगवते. पण हा अपघात याच जागी, याच वेळी का झाला, हा प्रश्न कायद्यात स्पष्टपणे उमटायला 1988 उजाडावे लागले. त्या वर्षीच्या मोटार वाहन कायद्याच्या 135व्या कलमात अपघातांच्या कारणांचा सखोल अभ्यास करण्याच्या योजना आखण्याची तरतूद आहे, आणि तीही राज्य सरकारला वाटले तर. रस्त्याचा आराखडा किंवा बांधणी सदोष असल्यामुळे माणूस मेला तर ठेकेदार, सल्लागार किंवा यंत्रणा जबाबदार धरली जाईल, असे सांगणारे 198-अ कलम 2019च्या दुरुस्तीने आले. त्यातला दंड आहे जास्तीत जास्त एक लाख रुपये. महामार्गाच्या कंत्राटाची रक्कम ज्याला माहीत आहे, त्याला या आकड्याचे हसू येईल.

आता हे सगळे ज्या रस्त्यांवर घडले ते रस्ते कोणाचे होते, ते पाहू. सोलापूर जिल्ह्याचे रस्ते मोटारीआधी चालणाऱ्यांनी तुडवलेले आहेत. देहूहून तुकोबांच्या पादुकांची पालखी नारायण महाराजांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस सुरू केली. आळंदीच्या माउलींच्या सोहळ्याला आजची घडी हैबतरावबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात घालून दिली. माउलींची पालखी धर्मपुरीपाशी जिल्ह्यात शिरते आणि नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव करत वाखरीला येते. तुकोबांची पालखी सराटीहून नीरा ओलांडून अकलूज, बोरगाव, पिराची कुरोली या वाटेने तिथेच पोहोचते. लाखोंचा हा समुदाय कसा चालतो ते पाहण्यासारखे आहे. रथापुढे सत्तावीस दिंड्या, उरलेल्या रथामागे. प्रत्येक दिंडीचा क्रमांक ठरलेला. विसावे आणि मुक्काम ठरलेले. चोपदाराने चोप उंचावला की हजारो माणसे गप्प. कोणताही वाहतूक हवालदार हेवा करील अशी ही शिस्त मोटार वाहन कायद्याच्या कितीतरी आधीची आहे. 1906 मध्ये बार्शी लाइट रेल्वेचे अरुंद रूळ पंढरपूरला पोहोचले तेव्हा गर्दीचा काही भार गाडीने उचलला. तरी वारी पायीच राहिली, कारण ती चालण्यासाठीच आहे.

दुसरे उदाहरण खुद्द सोलापूर शहराचे आहे आणि माझ्या मते ते अधिक बोलके आहे. दसऱ्यानंतर तुळजाभवानी श्रमनिद्रा घेते. अश्विन पौर्णिमेला देवी पुन्हा सिंहासनावर येते, आणि त्या दर्शनासाठी सोलापुरातून, शेजारच्या कर्नाटकातून लाखो माणसे तुळजापूरपर्यंतचे सुमारे 45 किलोमीटर पायी तोडतात. यातले बहुतेक रात्री चालतात. या काळात सोलापूर–तुळजापूर रस्ता वाहनांसाठी बंद करून वाहतूक दुसऱ्या मार्गांनी वळवली जाते. एरवी जड वाहनांनी गजबजलेला राष्ट्रीय महामार्ग काही काळ वाहनांकडून काढून माणसांना दिला जातो आणि कोणाचे आभाळ कोसळत नाही. चालणाऱ्यांना कोणी ‘जपून चाला’ म्हणून पत्रके वाटून भागवत नाही. वाहन आणि पाय यांची गाठच पडू नये अशी व्यवस्था होते. रेल्वेचा सगळा कारभार याच तत्त्वावर उभा आहे. एका वेळी एका टप्प्यात एकच गाडी.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. लोक भरधाव हाकतात, दारू पिऊन हाकतात, तर दोष रस्त्याचा कसा? आकडेही त्याच बाजूचे दिसतात. 2022 साली देशात 1,68,491 माणसे रस्त्यांवर मेली आणि केंद्र सरकारच्या अहवालात त्यातल्या 71 टक्क्यांहून अधिक मृत्यूंचे कारण अतिवेग असे नोंदले आहे. हा आकडा खोटा नाही. पण तो तयार कसा होतो? अपघातस्थळी आलेला पोलीस अधिकारी गुन्हा दाखल करण्यासाठी नोंद करतो. त्याला आरोपी हवा असतो, कारण कायद्याने त्याला तेच काम दिले आहे. वळणाचा उतार चुकीचा होता, दुभाजकाला लोकांनी गावाजवळ भगदाड पाडले होते कारण ओलांडायला दुसरी जागाच नव्हती, उसाची डबल ट्रॉली अंधारात रेडियमच्या पट्टीशिवाय उभी होती, या गोष्टींना त्या नोंदीत फारशी जागा मिळत नाही. शिवाय वेग हा काही चालकाच्या डोक्यात आपोआप उगवत नाही. सरळ, रुंद, मोकळा रस्ता दिला की तो वेगाचे आमंत्रणच देतो. त्याच अहवालात मेलेल्यांपैकी 32,825 जण पादचारी आहेत. त्यांनी कोणती वेगमर्यादा मोडली?

31 ऑक्टोबर 2022च्या तिन्हीसांजेला सांगोला तालुक्यात जुनोनीजवळ कार्तिकीसाठी कोल्हापूर जिल्ह्यातून निघालेल्या दिंडीत मोटार घुसली आणि सात वारकरी गेले. चालकाचा दोष असेल तो न्यायालय ठरवील, ठरवायलाच हवा. पण कार्तिकी कधी असते हे पंचांगात लिहिलेले आहे. दिंड्या कोणत्या रस्त्यांनी येतात हे गावोगाव ठाऊक आहे. त्या दिवसांत सूर्य लवकर मावळतो हेही नवे नाही. इतके सगळे आधीच माहीत असताना वेगवान वाहने आणि भजन करत चाललेली माणसे एकाच डांबरावर ठेवली जातात, तेव्हा चालकाला शिक्षा झाल्याने पुढच्या कार्तिकीची जोखीम कितपत कमी होते? रेल्वेचा निरीक्षक असता तर त्याने पहिला प्रश्न हाच केला असता.

शिक्षा कडक करा, मग सगळे सुधारेल, हा दुसरा आक्षेप. नव्या भारतीय न्याय संहितेने निष्काळजीपणाच्या मृत्यूची शिक्षा पाच वर्षांपर्यंत नेली. अपघात करून खबर न देता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांची तरतूदही केली, पण जानेवारी 2024च्या सुरुवातीला मालमोटार चालकांनी चाके थांबवली आणि ते पोटकलम लागू करणे लांबणीवर पडले. चालकांचे म्हणणे असे की थांबलो तर जमाव मारतो. ते सगळे खरे मानायचे कारण नाही, पण भीतीने पळणारा माणूस आणखी भीती घातल्याने थांबेल, हा हिशेब मला पटत नाही. दंड असावा, हेल्मेट आणि सीटबेल्टची सक्ती असावी, परवाना खिरापतीसारखा वाटला जाऊ नये. माझा वाद एवढाच की हे सगळे ‘चूक कोणाची’ या पहिल्या प्रश्नाचे काम आहे आणि आपण 1860 पासून त्याच प्रश्नाला घट्ट धरून बसलो आहोत.

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. रेल्वेचा मालक एक, रूळ बंदिस्त. रस्ता तर सर्वांचा: त्यावर बैलगाडी येणार, शाळकरी पोर येणार, बीडहून आलेली ऊसतोड टोळी टायरगाड्या घेऊन कारखान्याकडे निघणार. तिथे रुळाची शिस्त कशी चालेल? हे मान्य आहे, पण यातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. रस्ता सर्वांचा असेल तर तो बांधताना सर्वांना मोजायला हवे, एकट्या मोटारीला नव्हे. तसे करता येते याचा पुरावा याच जिल्ह्यात आहे. 8 नोव्हेंबर 2021 रोजी पंढरपुरात भूमिपूजन झालेल्या दोन पालखी महामार्गांच्या आराखड्यात पहिल्यापासून वारकऱ्यांसाठी स्वतंत्र पायवाट धरलेली आहे. ज्ञानेश्वर महाराज पालखी मार्ग दिवे घाट ते मोहोळ सुमारे 221 किलोमीटर, तुकाराम महाराज पालखी मार्ग पाटस ते तोंडले-बोंडले सुमारे 130 किलोमीटर. रुंदीकरणामुळे वाहनांचा वेग वाढणार, ही शंका रास्त आहे. पायवाटेवर टपऱ्या आणि उभी वाहने आली तर ती कागदावरच राहील, हेही खरे. तरीही पायी चालणारा महामार्गाच्या नकाशावर वाट्याचा धनी म्हणून आला, आणि त्याचे मोल मोठे आहे.

पण पंढरीला दोनच वाटा येत नाहीत. कोल्हापूर-सांगलीकडच्या दिंड्या मिरज–सांगोला रस्त्याने येतात, मराठवाड्यातल्या बार्शी-कुर्डुवाडीकडून, कर्नाटकातल्या मंगळवेढ्यावरून. आणि कार्तिकी, माघी, चैत्री या वाऱ्या आषाढीइतक्या बंदोबस्ताच्या धनी नाहीत. जुनोनीची दिंडी यातल्याच एका वाटेवर होती. या रस्त्यांच्या कडेला पायवाट कुठे हवी, कोणत्या तिथींना कोणता टप्पा रात्री बंद ठेवता येईल, याची यादी करायला नवा कायदा लागत नाही. दिंड्यांचे मुक्काम फडकऱ्यांच्या वह्यांत आहेत, अपघातांच्या नोंदी पोलीस ठाण्यांत. 2021 पासून महाराष्ट्रात अपघातांची एकत्रित संगणकीय नोंदही सुरू झाली आहे. ही कागदपत्रे एका टेबलावर आणून पोलीस आणि महामार्ग खाते या दोघांच्याही बाहेरच्या माणसाला वाचायला देणे, हे 135व्या कलमातले काम आहे.