मूळ अर्थाचा आडोसा

आमच्या महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये एका सहकाऱ्यांनी मध्यंतरी एक सिद्धान्त मांडला. ‘कास्ट’ हा शब्द पोर्तुगीज ‘कास्ता’वरून आला, आपल्याकडे तो नव्हताच, तेव्हा जातिव्यवस्था ही परकीयांनी आपल्यावर लादलेली गोष्ट आहे, असे त्यांचे म्हणणे. बोलून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी इंग्रजी शिकवतो आणि आमच्या घरातला पहिला पदवीधर आहे. दोन्ही कारणांनी उत्तर देणे माझ्याकडे आले. तेवढ्यात तासाची घंटा झाली. राहिलेले उत्तर येथे देतो.

शब्द कोठून आला हा एक प्रश्न. आज त्याचा अर्थ काय हा दुसरा. आणि तो शब्द ज्या गोष्टीला लावला ती गोष्ट कोठून आली हा तिसरा. या तिन्हींची गल्लत केली की लबाडीसुद्धा विद्वत्ता म्हणून खपते.

प्रथम इंग्रजीचेच पाहू. ‘नाइट’ म्हणजे सरदार. जुन्या इंग्रजीत मात्र त्याचा अर्थ होता पोरगा, हाताखालचा गडी. जर्मन भाषेतला त्याचा भाऊबंद ‘क्नेश्ट’ अजून गडीच राहिला आहे. ‘मार्शल’ हा मुळात घोड्यांचा मोतद्दार. तो सेनापती झाला. उलट ‘व्हिलन’ पाहा. लॅटिन ‘व्हिला’ म्हणजे शेतवाडी आणि तेथे राबणारा तो व्हिलन. आज सिनेमातल्या खलनायकाला आपण हेच नाव देतो. ‘नेव्ह’ म्हणजे पोरगा, तो लुच्चा ठरला. ‘बूर’ म्हणजे शेतकरी, तो असभ्य ठरला. राजाच्या घोड्याजवळ जो पोचला त्याचा शब्द चढला, जो नांगराजवळ राहिला त्याचा उतरला. मोतद्दाराने पुण्य केले नव्हते की शेतमजुराने पाप केले नव्हते. लिहिणे ज्यांच्या हाती होते त्यांनी खालच्या माणसाकडे जसे पाहिले तसा त्याचा शब्द झाला.

आता ‘कास्ट’. पोर्तुगीज ‘कास्ता’ म्हणजे वंश, कूळ, बीज. वास्को द गामा कालिकतला उतरला १४९८ मध्ये. त्याच्या लोकांनी येथे जे पाहिले त्याला आपल्या भाषेतला जवळचा शब्द लावला. पण त्याआधी दीडशेहून अधिक वर्षे, १३३८ मध्ये, मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर कुसू कोसळून चोखोबा गेले असे मानले जाते. त्यांना पंढरपूरच्या देवळाबाहेर उभे करणाऱ्यांनी ‘कास्ट’ हा शब्द ऐकलेला नव्हता. इंग्रजांनी १९३१ पर्यंत खानेसुमारीत जाती नोंदल्या आणि त्या नोंदीने जात अधिक ताठर झाली, हे मी मान्य करतो. पण नोंद करणारा आणि जन्म देणारा एक नव्हे. आमच्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायले. त्यानंतर सत्याग्रहींवर लाठ्या घेऊन धावलेल्यांना पोर्तुगीज येत नव्हते.

शब्द माणसाला कसा चिकटतो हे पाहायला खालापूरकरांना दूर जायला नको. समोर बोरघाट आहे. ‘कूली’ या शब्दाच्या उगमाविषयी दोन मते आहेत. एक म्हणते तो गुजरातेतल्या कोळी जमातीवरून आला. दुसरे म्हणते तमिळ ‘कूलि’वरून, आणि त्या शब्दाचा अर्थ मजुरी. हे दुसरे मत धरले तर मजुरीचा शब्द माणसाला लागला, आणि मॉरिशस, नाताळच्या मळ्यांवर आपली माणसे करारावर नेली तेव्हा त्याच शब्दाची शिवी झाली.

या घाटातल्या रेल्वेचे काम १८५६ मध्ये सुरू झाले आणि १८६३ मध्ये गाडी वर चढली. एका वेळी चाळीस हजारांवर माणसे कातळ फोडत होती. पटकीने आणि तापाने माणसे मेली. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये भारतात येऊन थोड्याच दिवसांत वारला आणि त्याची पत्नी ॲलिस हिने कंत्राट पुरे केले. ही नावे इतिहासात आहेत. मजूर ‘कूली’ या एका शब्दात मावले. आणि त्याच १८५९ मध्ये घाटातल्या मजुरांना थकलेल्या मजुरीसाठी दंगा करावा लागला. मजुरीवरून ज्यांचे नाव पडले त्यांनाच मजुरी मिळत नव्हती! मूळ अर्थ त्यांच्या काय कामाचा?

माझे आजोबा कर्जत-खोपोली मार्गावर गँगमन होते. ‘गँग’चा मूळ अर्थ चालणे, वाट. पुढे एकत्र काम करणाऱ्या मजुरांची तुकडी, आणि आज गुंडांची टोळी. आजोबा खांद्यावर हातोडा घेऊन आयुष्यभर रुळांवरून चालले. म्हणजे मूळ अर्थ ते अक्षरशः जगले. त्याने त्यांचे पाय दुखायचे थांबले नाहीत. आता कागदावर गँगमन ‘ट्रॅक मेंटेनर’ झाला आहे. २०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पात कुलीला ‘सहायक’ म्हणण्याचे जाहीर झाले. शिवीसारखा शब्द जावा, त्याला माझा विरोध नाही. पण डोक्यावरचे ओझे शब्दाबरोबर उतरत नाही.

आणि शब्द खालून वरही नेता येतो. ‘दलित’ म्हणजे दळलेला, भरडलेला; मोल्सवर्थच्या कोशात हाच अर्थ आहे. १९७२ मध्ये पँथरच्या तरुणांनी तो शब्द मिरवला तेव्हा त्यांनी मूळ अर्थ लपवला नाही. भरडणारा कोण, एवढेच त्यांनी विचारले. हा बदल कोशकाराने नव्हे, रस्त्यावर उतरलेल्या माणसांनी केला.

आमच्या वर्गात कातकरी आणि ठाकर वाड्यांवरची मुलेमुली बसतात. घरातली पहिलीच पिढी कॉलेजात आलेली. शब्दाची व्युत्पत्ती मी त्यांना जरूर सांगतो, कारण ती इतिहासाची साक्ष आहे. पण साक्षीदाराची उलटतपासणी करायलाही शिकवतो. मूळ अर्थ फार चांगला होता असे कोणी सांगू लागले, की त्यांनी विचारावे: ठीक आहे, पण तो शब्द कोणी कोणाला लावला, आणि तेव्हा पाणवठ्यावर कोण होते?