समुद्र सोडून गेलेले बंदर

बंदर म्हटले की आधी समुद्र दिसावा, ही आपली साधी समजूत. पण इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्याकडील राय या चिमुकल्या गावी आगगाडीतून उतरलो, तो समोर टेकडी, तिच्यावर लाल कौलांची दाटी, माथ्यावर चर्चचा मनोरा आणि सभोवार हिरव्या पाणथळीत चरणाऱ्या मेंढ्या! समुद्राची चौकशी केली तेव्हा एका वृद्ध गृहस्थाने हसत दक्षिणेकडे बोट दाखविले, "दोन मैल चालावे लागेल!"

एके काळी लाटा या टेकडीच्या पायथ्याशी येत. त्या काळी इंग्लंडच्या राजाजवळ स्वतःचे कायमचे आरमार नव्हते. हेस्टिंग्ज, न्यू रोमनी, हाइथ, डोव्हर आणि सँडविच ही पाच बंदरे वर्षातून पंधरा दिवस त्याला ५७ गलबते पुरवीत. दर गलबतावर २१ माणसे आणि एक पोऱ्या. मोबदल्यात करमाफी आणि स्वतःची न्यायालये. राय आणि शेजारचे विंचेल्सी ही गावे पुढे या संघात सामील झाली. १२८७ साली भयंकर वादळ झाले. जुने विंचेल्सी समुद्राने गिळले आणि रॉदर नदीने रोमनीची वाट सोडून रायची धरली. रोमनी बुडाले, राय तरारले.

वैभव आले की वैरीही येतात. १३७७ साली फ्रेंचांनी गाव जाळले आणि चर्चच्या घंटादेखील पळविल्या. पुढच्याच वर्षी राय व विंचेल्सीचे दर्यावर्दी नॉर्मंडीवर चालून गेले आणि आपल्या घंटा घेऊन परतले!

मग असे बंदर सुकले कसे? लाटांनी आणलेल्या गोट्यांचे बांध किनाऱ्यावर पडत गेले, हे खरे. पण माणसाचा हातही लहान नव्हता. भरतीचे पाणी पूर्वी सगळ्या पाणथळीत पसरे आणि ओहोटीला वेगाने परतताना खाडीतला गाळ धुऊन नेई. जमीनदारांनी बांध घालून ती पाणथळ मेंढ्यांच्या कुरणासाठी कोरडी केली. पाणी कमी आले, ओहोटीचा जोर ओसरला, गाळ साचत राहिला. लोकरीच्या पैशापायी बंदराचा गळा आवळला गेला. साठाहून अधिक वर्षे खटपट करून १७८७ साली जवळच नवे बंदर उघडले. तेही चार महिन्यांच्या आत सोडून द्यावे लागले.

आज गोट्यांच्या फरसबंदीची मर्मेड स्ट्रीट चढताना १४२० च्या सुमारास पुन्हा बांधलेली जुनी खाणावळ लागते. अठराव्या शतकात चोरटा व्यापार करणाऱ्यांची टोळी तिथे बसत असे. वर चर्चमध्ये १५६०च्या सुमाराचे घड्याळ अजून चालते. त्याचा लांबलचक लंबक डोक्यावर संथपणे झुलत असतो. सारे कसे चित्रासारखे! वाटते, या गावाचा समुद्राशी आता संबंध उरला नसावा.

पण नदीकाठाने ते दोन मैल चालून राय हार्बर या वाडीला गेलो आणि ही समजूत पार पुसली गेली. १५ नोव्हेंबर १९२८ च्या पहाटे, तुफान वादळात, लाटव्हियाची एक बोट संकटात असल्याची वर्दी आली. वल्ह्यांवर आणि शिडांवर चालणारी जीवननौका घेऊन वाडीतले १७ जण निघाले. ते निघतात न निघतात तोच खबर आली की, त्या बोटीवरील खलाशांना दुसऱ्या जहाजाने वाचविले आहे. परत बोलावण्याच्या खुणा झाल्या. पावसात आणि फेसाळ तुषारांत त्या कोणाला दिसल्या नाहीत. सकाळी बंदराच्या तोंडाजवळ नौका उलटली. सतराही जण गेले. एका घरचा बाप आणि दोन मुलगे, दुसऱ्या घरचे तिघे भाऊ.

राजाची गलबते पंधरा दिवस जात, ती करमाफीच्या मोबदल्यात. या सतरा जणांना हुकूम कोणाचा होता? ज्यांच्यासाठी ते निघाले त्यांची भाषाही त्यांना येत नव्हती.

किनाऱ्यावरच्या गोट्यांत त्या नौकेचे रिकामे घर उभे आहे. तिथून पुन्हा जीवननौका निघाली नाही. मी बराच वेळ तिथे उभा होतो. समुद्र त्या दिवशी अगदी शांत होता.