हीनशीत हेमंत आणि कोकणांतील गृहाग्नि
(मुरुड, तालुका दापोली, येथील घरांच्या अनुषंगानें)

कोकणांतील जुन्या घराच्या माळ्यावरून उतरविलेलें दप्तर सोडलें कीं, अक्षर डोळ्यांस दिसण्यापूर्वीं धुराचा वास नाकास लागतो. रुमालाचें फडकें काळवंडलेलें, वरचे चार-दोन बंद तपकिरी झालेले, आणि आंतील कागद मात्र बऱ्याच अंशीं शाबूत, असा अनुभव हस्तलिखितें गोळा करणाऱ्या पुष्कळ मंडळींस आला असेल. हा धूर कशाचा? त्या घरांत विस्तव पेटत होता तो थंडीसाठीं, कीं आणखी कांहीं कारणासाठीं? आणि ज्या वर्षीं थंडी पडलीच नाहीं त्या वर्षीं त्या विस्तवाचें काय होई? या प्रश्नांचा विचार करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. विषय वरकरणी क्षुल्लक वाटेल. परंतु आपल्या साधनांचें आयुष्य ज्या गोष्टींवर अवलंबून राहिलें त्यांपैकीं ही एक असल्यामुळें तो संशोधकाच्या कक्षेबाहेरचा नाहीं.

१. स्थळ

येथें अभिप्रेत असलेलें मुरुड म्हणजे रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यांतील, हर्णैच्या दक्षिणेस समुद्रकांठीं वसलेलें गांव होय. जंजिऱ्याजवळचें मुरुड निराळें. या गांवाचें नांव इतिहासाच्या अभ्यासकांस नवीन नाहीं. रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलीक (१८३३–१८८९) हे येथलेच. मुरुड हें नवें गांव कसें वसविलें गेलें याची हकीकत देणाऱ्या एका जुन्या कागदावर त्यांनीं लिहिलेला निबंध रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकाच्या आठव्या खंडांत प्रसिद्ध झालेला आहे. महर्षि धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८५८ सालीं शेरवली येथें झाला असला, तरी त्यांचें बालपण मुरुडासच गेलें, व १९१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आत्मवृत्तानें हें गांव महाराष्ट्राच्या घरोघरीं पोंचविलें.

गांव वसल्याचा लेखी पुरावा असणें ही कोकणांत दुर्मिळ गोष्ट आहे. तथापि वसाहतीच्या कागदांत सामान्यतः जमिनीचे वांटे, हक्क आणि मानपान यांचाच विचार असतो. चुलीविषयीं कोणी लिहीत नाहीं. म्हणून या बाबतींत कागदाबरोबर घर, त्यांतील वहिवाट आणि शब्द यांसही साक्षीस बोलवावें लागतें.

२. घरांतील चार विस्तव

मुरुडास समुद्र लागून आहे, आणि समुद्रसान्निध्यामुळें तेथील हिवाळा मुळांतच सौम्य असतो. तेथून अवघ्या तीन-चार कोसांवर, सुमारें आठशें फूट उंचीवर असलेल्या दापोलीस पहांटे जो गारठा जाणवतो तो किनाऱ्यावर जाणवत नाहीं. अशा ठिकाणीं घर तापविण्यासाठीं खास योजना कोणी केली असेल हें संभवत नाहीं. असें असतांही कोकणच्या जुन्या घरांत निदान चार विस्तव ओळखतां येतात. पहिला स्वयंपाकाची चूल व तिला लागून असलेला वैल. दुसरा न्हाणीजवळचें पाणी तापविण्याचें चुलाणें. तिसरा बाळंतिणीच्या बाजेखालीं ठेवण्याची शेगडी. आणि चौथा अंगणांत अगर खळ्यांत पेटविण्याची आगटी, म्हणजेच शेकोटी. वैश्वदेवादि धर्मकृत्यांचा अग्नि यांहून वेगळा. तो ऋतुमानाकडे पाहतच नाहीं.

या चारांची विभागणी लक्षांत घेण्यासारखी आहे. शेकण्याकरितां म्हणून जो विस्तव तो घराबाहेर. आणि जे विस्तव घरांत, ते शेकण्याकरितां नव्हेत. चूल अन्नासाठीं, चुलाणें स्नानासाठीं, शेगडी सूतिकेसाठीं. घरास ऊब मिळे ती त्यांच्या अनुषंगानें. धनुर्मासांत पहांटेच्या भोजनासाठीं चूल लौकर पेटे, आणि माजघरांतील मुलें तिच्या उबेनें जागीं होत. परंतु चूल पेटविण्याचें निमित्त नैवेद्य हें होतें, थंडी हें नव्हे.

सरपणाची बेगमी हाही याच अनुमानास दुजोरा देणारा पुरावा आहे. शीत देशांतील गृहस्थ हिवाळ्यासाठीं लांकूड सांठवितो; कोकणांतील गृहस्थ चैत्र-वैशाखांत लांकूडफाटा गोळा करून ठेवतो तो पावसाळ्यासाठीं. किनाऱ्यावरील आगरांत माड-पोफळींच्या झावळ्या, नारळाचीं सोडणें आणि करवंट्या यांची बारमाही भर पडते, व न्हाणीचें चुलाणें बहुतांशीं त्यावरच चालतें. सारांश, थंडी कमी पडली म्हणून मुरुडकरांचें सरपण फारसें शिल्लक राहिलें असेल असें दिसत नाहीं.

३. कागदांची साक्ष

राज्याभिषेकाच्या (१६७४) सुमारास शिवछत्रपतींनीं चिपळुणानजीकच्या छावणींतील जुमलेदार, हवालदार व कारकून यांस लिहिलेलें पत्र सुप्रसिद्ध आहे. रयतेस काडीचाही तसवीस लागूं नये, या त्यांतील आज्ञेमुळें तें वारंवार उद्धृत होतें. परंतु त्याच पत्रांत विस्तवाविषयीं जो मजकूर आहे त्याकडे पुरेसें लक्ष गेलेलें नाहीं. छावणींतील लोक आगट्या करितील, भलत्याच जागीं चुली घालतील, तंबाखूसाठीं विस्तव नेतील, वारा सुटला आहे व गवत पडलें आहे याचें भान ठेवणार नाहींत, आणि एकास आग लागली म्हणजे सारेंच जळून जाईल, अशी भीति त्यांत व्यक्त केली आहे. रात्रीं दिवा तसाच राहिल्यास उंदीर जळती वात ओढून नेईल, एवढ्या बारकाव्यापर्यंत महाराजांची दृष्टि गेली आहे.

या पत्राचा काळ महत्त्वाचा आहे. उन्हाळा सरत आलेला व पावसाळा तोंडावर आलेला, अशा वेळीं तें लिहिलें गेलें. त्या दिवसांत चिपळुणास कोणी थंडीनें कुडकुडत नाहीं; तरीही पत्रांत आगट्यांचें नांव येतें. यावरून आगटी हा शब्द केवळ शेकण्यापुरता घेतां येणार नाहीं. जनावरांजवळ डांस-माश्यांस धूर करणें, तंबाखूस निखारा मिळणें, रात्रीं जाग ठेवणें, हीं तिचीं इतर प्रयोजनें असावींत. वर आगटी थंडीसाठीं असें जें म्हटलें त्यास एवढी दुरुस्ती करणें अवश्य आहे. म्हणजे कोकणांतील चौथा विस्तवही सर्वस्वीं थंडीच्या स्वाधीन नव्हता.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत (सुमारें १७१५) आरमाराच्या लांकडाविषयीं लिहितांना आंबा-फणसादि झाडें रयतेच्या राजीखुषीशिवाय तोडूं नयेत, कारण तीं लेंकरांप्रमाणें बहुत काळ जतन करून वाढविलेलीं असतात, असा आशय आला आहे. ही आज्ञा सरपणाविषयीं नाहीं, व तिच्यावरून सरपणाबद्दल निर्णय करणें योग्य होणार नाहीं. परंतु कोणतें झाड जाळावें व कोणतें राखावें हा विवेक त्या काळीं जागृत होता, एवढें तरी तीवरून म्हणतां येतें.

४. शास्त्रकारांचें मत

थंडी न पडणारा हिवाळा ही कल्पना आपल्या प्राचीनांस अपरिचित नव्हती. वाग्भटाच्या अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानांत काळाचे शीत, उष्ण व वर्षा असे तीन प्रकार सांगून त्यांचे हीनयोग, अतियोग व मिथ्यायोग वर्णिले आहेत. ज्या काळीं थंडी असावी त्या काळीं ती उणी पडणें तो हीनयोग, म्हणजेच हीनशीत काल होय, आणि तो रोगाचें कारण मानला आहे. त्याच ग्रंथांत हेमंतचर्या सांगतांना निखाऱ्यांनीं तापविलेल्या गर्भगृहांत वास करावा असा उपदेश आहे. मग हेमंत आला पण शीत आलें नाहीं, तर निखारे पेटवावेत कीं नाहीं?

याचें उत्तर अष्टांगसंग्रहांत मिळतें. ऋतु ओळखण्याचीं लक्षणें तीन: मास, राशि आणि स्वरूप, यांत उत्तरोत्तर लक्षण अधिक बलवान् समजून त्याप्रमाणें चर्या ठेवावी, असें तेथें सांगितलें आहे. म्हणजे पंचांगांत पौष असला तरी अंगास जो ऋतु जाणवतो तोच खरा. चरकानेंही सूतिकागाराजवळ अग्नि व पाणी असावें असें सांगतांना तें घर ऋतूस सुखकर असावें हें विशेषण घातलें आहे. तेव्हां उकाड्यांतही बाळंतिणीच्या खोलीचीं दारें-खिडक्या लावून शेगडी धगधगत ठेवण्याची जी चाल अनेक घरांत होती, ती शास्त्रापेक्षां रूढीचीच म्हटली पाहिजे. बंद खोलींतील कोळशाच्या विस्तवापासून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायु वर्णगंधरहित व प्राणघातक असतो, हें आतां निर्विवाद ठरलेलें आहे.

५. धूर घरांत कां कोंडतो

ज्या घरांत धुराडें नाहीं त्या घरांतून धूर बाहेर जातो तो कौलांच्या अगर गवताच्या फटींतून. तो वर ओढला जाण्याचें कारण आंतील तप्त हवा बाहेरील थंड हवेपेक्षां हलकी असते हें होय. आंतबाहेरील तपमानांत अंतर जितकें जास्त तितकी ही ओढ जोराची. बाहेर गारठा असेल तेव्हां धूर चटकन् निघून जातो. बाहेरही ऊब असेल तेव्हां तो तुळयांखालीं रेंगाळतो व माळ्यावर पसरतो. युरोप-अमेरिकेंतील लोखंडी बंद चुलींची रचना वेगळी असली तरी त्यांसही हाच नियम लागू आहे. घराच्या उबेसाठीं सुधारलेल्या चुलीचें वर्णन बेंजामिन फ्रँक्लिननें १७४४ सालीं प्रसिद्ध केलें. तिच्या वंशांतील चुली सौम्य हिवाळ्यांत मंद जाळल्या म्हणजे धुराड्याची ओढ मंदावते, व आंत राळेसारखा ज्वालाग्राही थर जमतो.

यावरून लेखारंभींच्या दप्तराकडे परत येतां येतें. सौम्य हिवाळ्यांत चुलीचा जाळ कमी होत नसे, आणि धूर मात्र माळ्यावर अधिक काळ राहत असे. त्या माळ्यावर बियाणें, सुपारी व आमसुलें यांच्या शेजारींच वडिलोपार्जित रुमाल ठेवलेले असत. धुरांतील फिनॉल वर्गांतील द्रव्यें व फॉर्माल्डिहाइड बुरशीस व किड्यांस प्रतिकूल असतात. उलटपक्षीं त्याच धुरांतील आम्लांनीं कागद तपकिरी व ठिसूळ होतो. म्हणून बाहेरचे बंद खराब व आंतले शाबूत, हें आपणांस दिसणारें चित्र त्या दुहेरी क्रियेचें फळ असावें. आपलीं जुनीं पत्रें ज्या शाईनें लिहिलीं ती बहुधा काजळाचीच असल्यामुळें धुरानें अक्षर उडालें नाहीं, हेंही एक सुदैव.

६. सांप्रतची स्थिति

आतां दोन गोष्टी एकाच वेळीं बदलल्या आहेत. एक म्हणजे हिवाळा. भारतीय हवामान खात्याच्या नोंदींप्रमाणें डिसेंबर २०२२ व फेब्रुवारी २०२३ या दोन्ही महिन्यांचें देशाचें सरासरी कमाल तपमान १९०१ पासून तोंपर्यंतच्या त्या-त्या महिन्यांत सर्वांत अधिक ठरलें. कोकणांतील बागाइतदारास हें सांगावयास नको. रात्रींचा गारवा न मिळाल्यास आंब्याचा मोहोर लांबतो, आणि ढगाळ दमट हवेंत तुडतुडे व भुरी त्यावर तुटून पडतात. दुसरी गोष्ट म्हणजे चूल. ग्यास खेड्यापाड्यांत पोंचला; २०१६ सालीं उज्ज्वला योजना सुरू झाल्यावर तर तो गरिबांच्या घरींही गेला. स्त्रियांच्या डोळ्यांस व छातीस धुरापासून सुटका मिळाली ही आनंदाचीच गोष्ट होय, आणि कागदांसाठीं चूल पुन्हां पेटवा असें कोणी सुज्ञ म्हणणार नाहीं.

परंतु त्याचा परिणाम माळ्यावरच्या रुमालांवर होत आहे. मालक मुंबई-पुण्यास, घर वर्षाचे दहा महिने बंद, चूल थंड, आणि हिवाळाही दमट व उबदार. पूर्वीं धुरानें जी बुरशी रोखली जाई तिला आतां कोणी रोखणारें नाहीं. हवेंतील सापेक्ष आर्द्रता शेंकडा ६५ च्या वर दीर्घकाळ राहिली म्हणजे कागदावर बुरशी धरण्याचा धोका असतो. आणि थंडीनें कसरीच्या व वाळवीच्या वाढीस जो थोडासा खंड पडे तोही हीनशीत वर्षीं पडत नाहीं. जें दप्तर दोनशें वर्षें धुरांत टिकलें, तें धुराविना दहा वर्षांत नष्ट होऊं शकतें.

यास्तव किनाऱ्यावरील घरांशीं ज्यांचा संबंध आहे अशा संग्राहकांस एवढीच विनंती आहे कीं, ज्या वर्षीं थंडी पडणार नाहीं त्या वर्षीं माळ्याची चौकशी आधीं करावी. रुमाल सोडून कागद उन्हांत न टाकतां वारा खेळेल अशा सावलींत पसरावेत, काजळीचा थर मऊ कुंचल्यानें झाडावा, ओल्या फडक्यानें पुसूं नये. आणि शक्य असेल तर नक्कल अगर छायाचित्र करून मगच पुन्हां बांधावेत. धुरानें काळे झालेले बंद निरुपयोगी म्हणून फेंकूं नयेत. ते कोणत्या माळ्यावर, चुलीपासून किती अंतरावर होते, याची नोंद करून ठेवावी. कागदाच्या मजकुराइतकाच त्याच्या निवासाचा इतिहासही पुढील अभ्यासकांस उपयोगीं पडेल.

असो. मुरुड वसल्याची हकीकत सांगणारा कागद कोणी तरी जपला म्हणून मंडलीकांस त्यावर लिहितां आलें. असे आणखी किती कागद त्या पट्टींतील बंद घरांच्या माळ्यांवर थंड चुलींच्या वर पडून असतील, याचा शोध घेण्याचें काम अद्याप शिल्लक आहे, आणि तें पुढच्या पावसाळ्यापूर्वीं हातीं घेतलें पाहिजे.