लक्ष्मीबाई टिळकांचे हास्य

ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला; लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधला वियोग त्यांना फार जड गेला. तथापि १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रां’त त्या सोवळ्याओवळ्याला हसतात, टिळकांच्या विसराळूपणाला हसतात, आणि सर्वांत अधिक स्वतःला. मिशनरी गद्याला बहुधा भाषांतराचे जड वळण असे. बाईंची भाषा मात्र माजघरातली, व धर्मांतरानंतरही ती तशीच राहिली. (शाळेचा संस्कार नव्हता, हे येथे भाग्यच म्हणावयाचे!) ख्रिस्ती आनंदाची तात्त्विक चर्चा त्या करीत नाहीत. ज्या विटाळाचे एकेकाळी भय वाटे, त्याचीच गंमत त्या सांगतात. आणि ते भय त्यांनी बाप्तिस्म्यापूर्वीच टाकले होते.