मेंदूपर्यंत पोचलेला कर्करोग : उपचारांची सत्तर वर्षे

जालना-भोकरदन रस्त्यावरचे राजूर आपल्याला माहीत असते ते गणपतीमुळे. अंगारकीला तेथे पाय ठेवायला जागा नसते. तेथील काही शिक्षकांशी गप्पा मारत असताना एका गुरुजींनी आम्हाला विचारले, "आमच्या नात्यातल्या एका बाईंचा स्तनाचा कर्करोग बरा झाला असं वाटत होतं. आता डोक्यात गाठ निघाली. घरचे म्हणतात, आता कुठं नेऊन उपयोग नाही. खरं आहे का हे, सर?"

आम्ही संशोधक, रुग्ण तपासणारे डॉक्टर नव्हे. त्यामुळे सल्ला न देता आम्ही त्यांना या प्रश्नाचा इतिहास सांगितला. तोच येथे थोडक्यात मांडत आहोत.

कर्करोगाच्या पेशी मूळ गाठीपासून सुटून रक्तावाटे शरीरभर फिरतात, पण सगळीकडे रुजत नाहीत. लंडनचे शल्यचिकित्सक स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या आणि बी व जमीन यांची उपमा दिली. बियाण्यांसाठी नावाजलेल्या जालन्यात ती समजावून सांगावी लागत नाही. बी सगळीकडे पडते, पण मानवेल त्याच जमिनीत उगवते. फुप्फुस, स्तन आणि त्वचेच्या मेलॅनोमा कर्करोगाच्या पेशींना मेंदूची जमीन विशेष मानवते.

ही जमीन मात्र कवटीच्या बंद पेटीत आहे. गाठ लहान असली तरी तिच्याभोवती सूज येते, दाब वाढतो आणि डोकेदुखी, उलट्या, झटके सुरू होतात. शिवाय मेंदूतील रक्तवाहिन्यांच्या भिंती फार चोखंदळ असतात. पॉल एर्लिक यांनी १८८५ मध्ये प्राण्यांच्या रक्तात रंग सोडला, तेव्हा इतर अवयव रंगले, मेंदू जवळजवळ कोराच राहिला. जो अडसर रंगाला अडवतो, तो बहुतेक औषधांनाही अडवतो.

मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. त्या काळी कर्करोग मेंदूत पोचला की जगात कोठेही डॉक्टरांचे हात जवळपास रिकामेच असत. १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या चाओ, फिलिप्स व निक्सन यांनी अशा ३८ रुग्णांच्या डोक्याला क्ष-किरण दिल्याचा अनुभव प्रसिद्ध केला. सुमारे ६३ टक्के रुग्णांचा त्रास कमी झाला. आयुष्य फारसे वाढले नाही, पण काहीच करता येत नाही ही समजूत मोडली. १९६१ मध्ये गॅलिसिच व फ्रेंच यांनी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड सूज झपाट्याने उतरवते, हे दाखवले. हे स्वस्त औषध आजही पहिल्या दिवसापासून कामी येते. पुढे १९७१ मध्ये सीटी स्कॅनने पहिल्या रुग्णाचा मेंदू दाखवला आणि गाठी किती व कोठे आहेत हे कवटी न उघडता कळू लागले.

यानंतर आला १९९० सालचा अमेरिकेतील रॉय पॅचेल यांचा प्रयोग. मेंदूत एकच गाठ असलेल्या ४८ रुग्णांपैकी काहींना फक्त किरणोपचार दिले, तर काहींची गाठ आधी काढून मग किरण दिले. पहिल्या गटाचे मध्यक आयुर्मान १५ आठवडे होते, दुसऱ्याचे ४०. पण याच प्रयोगातली दुसरी गोष्ट आपल्याकडे अधिक मोलाची आहे. सुरुवातीला ५४ रुग्ण निवडले होते. त्यांच्या गाठीचा तुकडा तपासल्यावर ६ जणांची गाठ पसरलेल्या कर्करोगाची नव्हतीच!

आपल्या देशात तर मेंदूत क्षयाच्या गाठीही होतात. मुंबईच्या होमी दस्तूर व देसाई या डॉक्टरांनी १९६५ मध्ये क्षयाच्या गाठी असलेले १०७ आणि मेंदूतच उगम पावलेल्या ग्लायोमा गाठी असलेले १०७ अशा रुग्णांची तुलना प्रसिद्ध केली होती. डुकरातील पट्टकृमीच्या अळ्याही मेंदूत गाठ करतात. हे दोन्ही आजार औषधांनी आटोक्यात येतात. म्हणून शंका असेल तेथे खात्री न करता आशा सोडणे ही मोठीच चूक ठरेल.

किरणांचे तंत्रही बदलले. शाळेच्या पटांगणात दोनशे मुलांनी हातातल्या आरशांनी भिंतीवरील एकाच ठिपक्यावर ऊन पाडले तर तो ठिपका तापेल, बाकीची भिंत थंड राहील. स्वीडनच्या लार्स लेक्सेल यांचे गॅमा नाइफ यंत्र असेच आहे. कोबाल्टचे सुमारे दोनशे बारीक किरण एका बिंदूवर मिळतात. १९९७ मध्ये ते मुंबईतही आले. संपूर्ण डोक्याला किरण देण्याची किंमत २००९ मध्ये टेक्सासच्या एका प्रयोगात आकड्यांत दिसली. एक ते तीन गाठींवर नेमके किरण दिलेल्यांपैकी २४ टक्के रुग्णांची स्मरणशक्ती चार महिन्यांनी घटण्याची शक्यता होती. जोडीला संपूर्ण डोक्यालाही किरण दिले तर ५२ टक्के. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५३८ रुग्णांच्या प्रयोगाने आणखी एक धडा दिला. शस्त्रक्रिया किंवा नेमके किरण शक्य नसलेल्या फुप्फुसकर्करोगाच्या रुग्णांत डोक्याला किरण देऊन वा न देऊन आयुर्मान सुमारे नऊ आठवडेच राहिले. दुसरीकडे, मेंदूचा अडसर ओलांडणाऱ्या नव्या गोळ्यांनी ठरावीक जनुकीय बदल असलेल्या काही रुग्णांना वर्षे मिळवून दिली.

म्हणजे गुरुजींच्या प्रश्नाला एकच उत्तर नाही, आणि हीच सत्तर वर्षांची कमाई आहे. गाठ एक की अनेक? ती कर्करोगाचीच आहे याची खात्री झाली का? मूळ रोग आटोक्यात आहे का? रुग्ण हिंडूफिरू शकतो का? गाठीवर लागू पडणारी गोळी आहे का? या प्रश्नांची उत्तरे मिळवण्यासाठी थेट मुंबई गाठायला हवी असेही नाही; तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, २०१२ पासून शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. उत्तरे प्रतिकूल आली तर त्रास कमी करणारी औषधे देऊन रुग्णाला घरी माणसांत ठेवणे हासुद्धा विचारपूर्वक केलेला उपचारच होय. मात्र तो निर्णय तपासणीनंतर व्हावा, तपासणीऐवजी नव्हे. गुरुजींना आम्ही एवढेच सांगितले, "आधी सगळे कागद घेऊन एकदा दाखवून तर या."