जमिनीलगतच्या हवेचे रात्रीचे तापमान : पुणे येथील एका निरीक्षणाचा इतिहास

उष्णता एका पदार्थाकडून दुसऱ्याकडे वहन, अभिसरण आणि प्रारण अशा तीन मार्गांनी जाते. पाठ्यपुस्तकांत या मार्गांची प्रकरणे निरनिराळी असतात. उघड्या शेतात मात्र तिन्ही व्यापार एकाच वेळी चाललेले असतात. पुण्याहून शिरूरकडे जाताना सणसवाडीच्या आसपास जो कोरडा, सपाट मुलूख लागतो, तेथील पौषातील एखादी निरभ्र व निर्वात रात्र घ्यावी. दिवसा तापलेल्या मातीच्या खालच्या थरांतून उष्णता वहनाने वर येत असते आणि पृष्ठभाग ती प्रारणाने आकाशाकडे टाकीत असतो. अशा रात्री सर्वांत थंड जागा कोणती? या साध्या प्रश्नाचे पुण्यातून दिले गेलेले उत्तर विद्वानांना बराच काळ पटले नाही.

प्रारणाने जाणारी ही उष्णता म्हणजे विद्युत्‌चुंबकीय तरंगच होत. विल्यम हर्शेल याने १८०० साली सूर्याच्या वर्णपटात तांबड्या रंगापलीकडे तापमापक ठेवला, तेव्हा डोळ्यांस न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा पत्ता लागला. क्ष-किरण, जंबुपार किरण, दृश्य प्रकाश, अवरक्त किरण, रेडिओतरंग ही सारी एकाच कुळातील असून त्यांच्यात भेद आहे तो तरंगलांबीचा. सूर्याचे प्रारण अर्ध्या मायक्रोमीटरच्या आसपास सर्वाधिक असते, तर रात्रीच्या जमिनीचे दहा मायक्रोमीटरच्या आसपास. योगायोग असा, की सुमारे आठ ते तेरा मायक्रोमीटर या पट्ट्यात निरभ्र हवा बरीचशी पारदर्शक असते. जमिनीची उष्णता याच खिडकीतून निसटते.

लंडनमधील वैद्य विल्यम चार्ल्स वेल्स याने १८१४ च्या दवावरील निबंधात दाखविले, की निरभ्र रात्री गवताचे पृष्ठ वरच्या हवेपेक्षा थंड होते आणि म्हणूनच त्यावर दव साचते. तेव्हापासून रात्रीचे न्यूनतम तापमान पृष्ठभागावरच असणार, हे गृहीत धरले जाऊ लागले.

पुण्यात १९३२ साली भारतीय हवामान खात्याची कृषिहवामान शाखा सुरू झाली. तिचे प्रमुख एल. ए. रामदास हे कलकत्त्यास सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली प्रकाशाच्या विकिरणावर काम केलेले भौतिकज्ञ. शेताच्या हवेकडे त्यांनी प्रारणाच्या अंगाने पाहिले, याचे मूळ बहुधा त्या शिक्षणात असावे. त्याच वर्षी रामदास आणि एस. आत्मनाथन यांनी एका जर्मन नियतकालिकात दोन पानांचे टिपण प्रसिद्ध केले. उघड्या जमिनीवर, शांत व निरभ्र रात्री, हवेचे न्यूनतम तापमान पृष्ठभागावर नसून त्याच्या वर वीतभर ते हातभर उंचीवर आढळते. खालची माती त्या हवेपेक्षा काही अंशांनी उबदार असते, असे त्यात नमूद होते.

यावरील आक्षेप दुर्बळ नव्हता. खाली उबदार व वर थंड हवा असली, की अभिसरण सुरू होऊन थर मिसळले पाहिजेत. मग ही रचना तासन्‌तास टिकते कशी? तेव्हा दोष मापनाचा असावा, असा संशय घेतला गेला. जमिनीलगत तापमापक स्वतःही प्रारणाने थंड होतो, हे लक्षात घेता तो संशय गैर म्हणता येत नाही. परंतु १९५६ मध्ये इंग्लंडात लेक यांना आणि १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत खुद्द पुण्यात राश्के यांना तीच रचना सापडली. पुढे १९७० मध्ये ओक यांनीही तिला दुजोरा दिला. एव्हाना प्रश्न आहे की नाही हा वाद संपून तो का घडतो एवढेच उरले.

बंगळूरच्या रोद्दम नरसिंह, वासुदेव मूर्ती आणि जे. श्रीनिवासन यांनी १९९३ मध्ये वहन व प्रारण यांचे समग्र गणित मांडले. जमीन पूर्णतः कृष्ण पदार्थ नसल्याने तिच्यालगतच्या हवेचा प्रारणव्यवहार बदलतो, हा त्याचा गाभा. त्यावरही पुढे टीका झाली: २०१२ मध्ये बंगळूरच्याच संशोधकांनी त्या गणितातील जमिनीच्या परावर्तनाची मांडणी सदोष असल्याचे दाखविले. हवेत तरंगणारे सूक्ष्म कण, ज्यांची दाटी जमिनीलगत अधिक असते, तेच या थंडाव्याचे कारण, असे त्या गटाचे मत आहे. पाण्याची वाफ ज्या खिडकीतून प्रारण करू शकत नाही तिच्यातूनही हे कण उष्णता बाहेर टाकतात. धुक्यासारख्या विरळ कणांची अशी कल्पना झ्डुन्कोव्स्की यांनी १९६६ मध्येच सुचविली होती, हे येथे सांगितले पाहिजे.

शेतकऱ्याच्या दृष्टीने यातला महत्त्वाचा भाग निराळाच आहे. वेधशाळेतील तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, झडपांच्या पेटीत असतो. हरभऱ्याचे कोवळे रोप वीतभर उंचीचे असते, म्हणजे रामदासांना सर्वांत थंड हवा आढळली नेमक्या त्या उंचीचे. आणि त्या रात्रीचा पेटीतील आकडा त्याहून जास्त असतो.