अद्भुताची दोन घराणी

गाण्यात जशी घराणी असतात तशी ती वाचनातही असतात. ग्वाल्हेरवाल्याने किराण्याच्या आलापीला नाक मुरडावे आणि किराणावाल्याने ग्वाल्हेरच्या तानेकडे पाठ फिरवावी, हा प्रकार आपल्या परिचयाचा आहे. त्यात कोणाचे फारसे बिघडत नाही. परंतु वाचनाच्या घराण्यांची भांडणे इतकी निरुपद्रवी नसतात. 'हे गाणेच नव्हे' असे एका घराण्याने दुसऱ्याविषयी ठरवून टाकले, की दुसऱ्याचे श्रोते उठून परक्या अंगणात जाऊन बसतात. मराठी कादंबरीत अद्भुताच्या बाबतीत असेच घडले आहे, आणि ते कसे घडले हे पाहण्यासारखे आहे.

मराठी कादंबरीचा जन्मच मुळी दुहेरी. १८५७ साली बाबा पद्मनजींनी 'यमुनापर्यटन' लिहिले. विधवांची दुःस्थिती हा त्याचा विषय. म्हणजे आरंभ झाला तो डोळ्यांदेखतच्या दुःखापासून. पण पुढे चारच वर्षांनी, १८६१ साली, लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' आली. त्याच सुमारास कृष्णशास्त्री चिपळूणकर अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी मराठीत आणू लागले. १८६८ साली नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' निघाली. राजपुत्र, राजकन्या, विरह, कारस्थाने, दैवयोग आणि अखेरीस मीलन, या वाटेने वाचक असे निघाले की 'यमुनापर्यटना'ची वाट कित्येक वर्षे ओस राहिली.

या 'मंजुघोषे'ची प्रस्तावना फार बोलकी आहे. रिसबुडांचे म्हणणे थोडक्यात असे : विवाहाविषयीच्या आपल्या कल्पनांमुळे आणि इतर कारणांमुळे आम्हा लोकांच्या आयुष्यात मन वेधतील असे गुणही नाहीत आणि दुर्गुणही नाहीत, रोजच्या अनुभवाचे लिहू गेल्यास त्यात गोडी ती कसली, तेव्हा मनोरंजक पुस्तक लिहायचे तर अद्भुताचा आश्रय करणे भाग आहे. म्हणजे अद्भुताचा हा पहिला वकील अद्भुताची थोरवी सांगतच नाही. घरात धान्य नाही म्हणून कंदमुळे खातो, असे तो सांगतो!

पुढच्या सगळ्या पराभवाचे बीज, माझ्या मते, या एका युक्तिवादात आहे. १८७२ साली काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी 'नावल व नाटक' यांविषयीच्या आपल्या निबंधात असल्या कादंबऱ्यांतील असंभाव्यतेवर बोट ठेवले. मग हरिभाऊ आपटे आले. १८९० पासून 'करमणूक' पत्रात 'पण लक्षात कोण घेतो?' येऊ लागली, आणि यमूच्या कहाणीने दाखवून दिले, की माजघरात आणि स्वयंपाकघरात जे घडते त्यात वाचकाचा श्वास रोखून धरण्याइतके नाट्य आहे. घरात धान्य सापडले. मग कंदमुळे कोण खाणार? रिसबुडांचा मुद्दा मुळासकट उपटला गेला, आणि ते एका अर्थी फार चांगले झाले. हरिभाऊंनी जे दिले त्याचे ऋण फिटणारे नाही. पण वास्तवाला मान मिळाला त्याच दिवशी अद्भुताचा मान गेला, आणि हे दुसरे होण्याचे वास्तविक काही कारण नव्हते.

मान गेला, वाचक मात्र गेले नाहीत. गोविंद नारायण दातारशास्त्री यांनी इंग्रज कादंबरीकार रेनॉल्ड्स याच्या कथा मराठी वेशात आणल्या. 'कालिकामूर्ति', 'इंद्रभुवनगुहा' ही नुसती नावे उच्चारली तरी जुन्या वाचकांच्या अंगावर काटा येई. शिकारीत कड्यावरून कोसळून अपंग झालेल्या नाथमाधवांनी अंथरुणावरून 'वीरधवल' लिहिली. ती १९१३ ची. पुढे बाबूराव अर्नाळकरांनी रहस्यकथांचा हजाराचा आकडा ओलांडला. आमचे नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० सालचे, म्हणजे मराठी कादंबरीहून सतरा वर्षांनी वडील. अशा कोणत्याही जुन्या वाचनालयात जाऊन पाहावे : ज्यांना विद्वानांनी हाताशी धरले त्यांची बांधणी शाबूत असते, ज्यांना वाचकांनी हाताशी धरले त्यांचे पुठ्ठे खिळखिळे झालेले असतात.

आता एक सूक्ष्म भेद सांगायचा आहे. अद्भुताचे वाचक सगळे एकाच मुशीतले नसतात. एकाला 'पुढे काय झाले?' हे हवे असते. नायक भुयारात उतरला, दिवा विझला, आता? हे घराणे वाटेचे. दुसऱ्याला वाटेपेक्षा मुलूख हवा असतो. त्या डोंगरापलीकडे कोणते राज्य आहे, तिथले लोक कोणते देव पुजतात, त्यांची नाणी कसली, त्यांची भाषा कशी, हे त्याला कळल्यावाचून चैन पडत नाही. कथा संपली तरी त्याला तिथून निघावेसे वाटत नाही. दातार, नाथमाधव, अर्नाळकर यांनी पहिल्या घराण्याचे पोट भरले. दुसरे घराणे मराठीत उपाशीच राहिले.

हे आश्चर्य आहे, कारण मुलूख रचण्याची विद्या आपल्याला नवी नाही. पुराणांतली सप्तद्वीपा पृथ्वी पाहा. मध्ये जंबुद्वीप, त्याच्या मध्यावर मेरू. मग प्लक्ष, शाल्मली, कुश, क्रौंच, शाक, पुष्कर. आणि द्वीपांना वेढणारे समुद्र खाऱ्या पाण्याचे, उसाच्या रसाचे, मद्याचे, तुपाचे, दह्याचे, दुधाचे आणि गोड्या पाण्याचे. असला नकाशा ज्याच्या आजीला तोंडपाठ होता, त्याच्या नातवाला कल्पित देश रचता येऊ नये? पण या नकाशाची दोन्हीकडून कोंडी झाली. श्रद्धाळू माणसाला तो खेळण्याचा विषय वाटेना. आणि इंग्रजी शाळेतल्या भूगोलाने तो हसण्याचा विषय करून टाकला. पूजा आणि थट्टा यांच्यामध्ये खेळाला जागा उरली नाही. उत्तरेत थोडे निराळे झाले. लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने १८८३ पासून 'तिलिस्म-ए-होशरुबा'चे प्रचंड खंड छापले. १८८८ मध्ये देवकीनंदन खत्रींची 'चंद्रकांता' आली. तिलिस्म म्हणजे जादूने बांधलेला, स्वतःचे कायदे असलेला मुलूखच. आमच्याकडे तो रुजला नाही.

विलायतेत हे दुसरे घराणे नावारूपाला आले ते १९५४-५५ साली, टॉल्किन या प्राध्यापकाच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'ने. हा गृहस्थ भाषाशास्त्रज्ञ. त्याने आधी भाषा रचल्या, मग त्या बोलणारे लोक, आणि मग त्यांची कथा. नकाशे, वंशावळी, पंचांग, सगळे पुस्तकाला जोडलेले. तिथेही थट्टा चुकली नाही. १९५६ मध्ये एडमंड विल्सनसारख्या मातबर टीकाकाराने त्याला पोरखेळात काढले. पुढे १९७८ मध्ये मायकेल मूरकॉक या अद्भुताच्याच लेखकाने, हे लेखन वाचकाला केवळ कुरवाळते, असा आरोप केला. पण वाचकांनी मैदान सोडले नाही, आणि लेखकांनी वास्तवाची कंदमुळे म्हणून नव्हे, तर अद्भुतासाठीच अद्भुत लिहिले.

या घराण्याने पुढे पुस्तकाबाहेर पाऊल टाकले. त्या पावलाची जातकुळी आमच्या देवळाली कॅम्पाला अगदीच परकी नाही. इथे स्वातंत्र्यानंतर तोफखान्याची शाळा आली. वाळूत टेकड्या, नाले आणि रस्ते उभारून त्यावर लढाई समजावून देण्याची रीत फौजेत जुनी आहे. प्रशियाच्या राइस्विट्झ नावाच्या अधिकाऱ्याने १८२४ साली नकाशा, ठोकळे आणि फासे घेऊन युद्धाचा खेळ नियमबद्ध केला. तोच धागा हौशी लोकांच्या हाती पडला, आणि १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ काढला. पहिली आवृत्ती हजार प्रतींची.

हा खेळ ज्यांनी पाहिला नाही त्यांनी आपल्या कोकणातले दशावतारी नाटक आठवावे. तिथे प्रसंग ठरलेला असतो, संवाद लिहिलेले नसतात. नट ऐन वेळी बोलतो. इथेही पाच-सहा जण टेबलाभोवती बसतात. एक सूत्रधार, बाकीच्यांनी एकेक सोंग घेतलेले, कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. सूत्रधार सांगतो, 'समोर दार आहे.' योद्धा म्हणतो, 'मी ते फोडतो.' दार फुटले की नाही हे वीस बाजूंचा फासा सांगतो. जिंकणे-हरणे नाही, गोष्ट महिनोन्‌महिने चालते. इंग्रजीत डोके फिरण्याला 'डूलॅली' म्हणतात. तो शब्द आमच्या देवळालीवरूनच निघाला. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत गोरे शिपाई इथल्या छावणीत कंटाळून वेडे होत, म्हणून. प्रौढ माणसे अशी सोंगे घेऊन बोलताना पाहून कोणी हाच शब्द वापरला तर नवल नाही. पण मग मृदंगाच्या तालावर पहाटेपर्यंत रावण होणाऱ्या नटालाही तो लावावा लागेल.

गंमत अशी, की या खेळाच्या चाहत्यांतही तीच दोन घराणी दिसतात. खुद्द गायगॅक्सला टॉल्किनपेक्षा हॉवर्ड, लायबर, व्हॅन्स यांच्या धावत्या साहसकथा प्रिय होत्या. टॉल्किनचे ऋण आपल्यावर फारसे नाही असे तो सांगे. पण खेळणाऱ्यांना टॉल्किनचे बुटके 'हॉबिट' हवेच होते. कायद्याचा तगादा लागल्यावर त्यांचे नाव तेवढे 'हाफलिंग' झाले. १९८४ मध्ये 'ड्रॅगनलान्स' आले, ते वाटेच्या रसिकांसाठी. त्याच्या जोडीला कादंबऱ्याही निघाल्या. मुलूखवाल्यांचा कळस पाहायचा तर १९७५ सालचे 'एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन' पाहावे. त्याचा कर्ता बार्कर हा मिनेसोटा विद्यापीठात उर्दूचा प्राध्यापक. त्याने युरोपी किल्ले आणि सरदार टाकून, स्वतःच्या भाषेचा आणि लिपीचा अगदी निराळाच देश रचला. तिथे पाऊल टाकायचे म्हणजे आधी अभ्यास करावा लागे. म्हणून खेळणारे थोडे, पण जे आले ते तिथलेच झाले.

आणि या परक्या मुलखात आपलीही माणसे भेटतात. या खेळाच्या १९७७ सालच्या राक्षसकोशात चक्क 'राक्षस' आहे. पण चित्रात त्याला वाघाचे तोंड असून तो पाइप ओढीत बसला आहे! पाहून हसू येते. मात्र हसण्याचा आपला अधिकार किती? त्यांनी आपल्या राक्षसाला चुकीचे तोंड दिले. आपण त्याला नव्या कथेत बसायला पाटसुद्धा दिला नाही. विज्ञानकथेला आपण मान दिला. १९७४ च्या मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेतून जयंत नारळीकर पुढे आले, हे भाग्यच. नारायण धारपांच्या भयकथा लोकांनी रात्री जागून वाचल्या आणि दिवसा लपवल्या. कल्पित मुलखाचे घराणे मात्र अजून निराश्रितच आहे.

शाळामास्तराला हे एरवी कळले नसते. माझ्या वर्गातली मुले वह्यांच्या मागल्या पानांवर आपापली राज्ये काढतात. डोंगर, जंगले, भुताचे किल्ले, सगळे यथास्थित. नावे मात्र एकजात इंग्रजी. घरी मराठी बोलणाऱ्या एका मुलाला मी विचारले, 'मराठी नाव का रे देत नाहीस?' तो निर्मळपणे म्हणाला, 'सर, मराठीत ते खरं वाटत नाही.'

दीडशे वर्षांपूर्वी रिसबुडांना मराठी माणसाचे खरे आयुष्य अद्भुत वाटत नव्हते. आज या मुलाला मराठीतले अद्भुत खरे वाटत नाही. पहिली उणीव हरिभाऊंनी भरून काढली. दुसरी भरून काढणारा कदाचित अशाच एखाद्या मागल्या पानावर बसलेला असेल. गेल्या वर्षी तशी एक वही तपासताना 'ब्लॅक माउंटन'मधून निघणाऱ्या नदीकडे माझे लक्ष गेले. तिचे नाव होते दारणा. मी ते पान खोडले नाही.